एका थापाड्याचं खरंखुरं पत्र

टीव्ही सीरियलवरून काढलेली कादंबरी म्हटलं, की आपलं नाक आपोआप मुरडतं. हो की नाही? सीरियल हिट झाली की टी-शर्ट येतो, कॉफी मग येतो, कीचेन येते आणि त्याच रांगेत एक पेपरबॅकही येतं. कव्हरवर हीरोचा फोटो, वर ठसठशीत लोगो आणि लेखकाचं नाव कुठेतरी खाली, बारीक अक्षरांत. याला म्हणायचं टाय-इन नॉव्हेल. प्रवासात वाचायचं आणि गाडीतच विसरून उतरायचं!

मला मात्र असंच एक पुस्तक चिकटलंय. नाव ‘अ स्टिच इन टाइम’. ‘स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन’ या अमेरिकन सायन्स फिक्शन सीरियलवरची ही कादंबरी, २००० साली पॉकेट बुक्सने काढलेली. लेखक अँड्र्यू रॉबिन्सन. मी ती ई-बुकवर वाचली, ठाणे ते अंधेरी व्हाया दादर, उभ्याने. आणि आजही कुणी ‘टाय-इन म्हणजे टाइमपास’ असं म्हणालं, की माझा आवाज एक पट्टी वर जातो.

हा गॅरॅक कोण?

ज्यांनी सीरियल पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘डीप स्पेस नाइन’ १९९३ ते १९९९ अशी सात सीझन चालली. बाकीच्या स्टार ट्रेकमध्ये जहाज नवनवे ग्रह पालथे घालत फिरतं, इथे मात्र सगळी मंडळी एका अंतराळस्थानकावर मुक्कामाला. हे स्थानक बांधलं कार्डेशियन लोकांनी. शेजारच्या बेजोर ग्रहावर त्यांनी कित्येक दशकं जुलमी राज्य केलं आणि शेवटी गाशा गुंडाळला. मागे राहिला एकच कार्डेशियन, गॅरॅक. स्थानकावर त्याचं कपडे शिवायचं दुकान आहे. हा हेर होता, असा सगळ्यांना दाट संशय. तो मात्र गोड हसून आपण साधे शिंपी असल्याचं सांगत राहतो.

त्याचा एकमेव मित्र म्हणजे स्थानकावरचा तरुण डॉक्टर, ज्युलियन बशीर. दोघं नेमाने एकत्र लंच घेतात आणि जेवताना पुस्तकांवरून भांडतात. गॅरॅकला शेक्सपिअरचं ‘ज्युलियस सीझर’ अजिबात पटत नाही. इतक्या मोठ्या माणसाला जवळच्यांचा कट कळू नये, हे एका हेराच्या गळी कसं उतरणार!

आता मुख्य प्रश्न. याला त्याच्या देशाने हाकललं का? सीरियलने हे कधीच सांगितलं नाही. १९९४ च्या ‘द वायर’ या एपिसोडमध्ये मरणाच्या दारात असताना गॅरॅक बशीरला आपल्या हद्दपारीची कहाणी सांगतो. एक नाही, तीन! तिन्ही वेगळ्या, आणि तिन्हींमध्ये एलिम नावाचा एक दोस्त. शेवटी कळतं, की एलिम हे गॅरॅकचं स्वतःचंच नाव. आहे ना भन्नाट?

नट लेखक होतो तेव्हा

या पुस्तकाची गंमत अशी, की ते गॅरॅकनेच लिहिलंय! म्हणजे गॅरॅकचं काम करणाऱ्या नटाने. रॉबिन्सन मुळात रंगभूमीवरचे. सिनेमावाल्यांना ते १९७१ च्या ‘डर्टी हॅरी’मधला माथेफिरू खुनी म्हणून आठवतील. गॅरॅक आतून समजावा म्हणून ते त्याच्या नावाने डायरी लिहीत. मग फॅन्सच्या मेळाव्यांमध्ये ती वाचून दाखवू लागले, लोकांना ती जाम आवडली आणि त्यातून कादंबरी झाली. नटांच्या नावावर कादंबऱ्या येतात, पण बऱ्याचदा शेजारी सहलेखकही असतो. कॅप्टन कर्क झालेल्या विल्यम शॅटनर यांच्या स्टार ट्रेक कादंबऱ्यांचंच बघा ना. रॉबिन्सन यांनी मात्र स्वतः बसून लिहिलं, आणि ते जाणवतं. वाक्य कुठे थांबतं, टोमणा कुठे येतो, सगळं गॅरॅकसारखं. २०२३ मध्ये त्यांच्याच आवाजात ऑडिओबुकही आलं. इअरफोन लावले, की तो शिंपी थेट तुमच्या कानाशी.

टायमिंगही झकास जमलं. सीरियल चालू असताना टाय-इन लेखकाचे हात बांधलेले असतात. शेवटच्या पानावर सगळं पुन्हा जागच्या जागी ठेवावं लागतं, कारण पुढच्या आठवड्याचा एपिसोड त्याच पात्रांवर बेतलेला असतो. कुणाला मारायचं नाही, कुणाला बदलायचं नाही. ‘डीप स्पेस नाइन’ १९९९ मध्ये संपली आणि ती बेडी सुटली.

शिवाय सीरियलने शेवट केला तो एका भयंकर जागी. कार्डेशिया ज्यांच्या बाजूने युद्धात उतरला त्या डोमिनियननेच जाता जाता तिथली ऐंशी कोटी माणसं मारली. गॅरॅकला इतकी वर्षं हवं असलेलं घर मिळालं, पण जळून गेलेलं. पडद्यावर त्याचा आणि बशीरचा निरोप होतो आणि कॅमेरा दुसरीकडे वळतो. पुस्तक नेमकं तिथून सुरू होतं.

ढिगाऱ्यातून

‘अ स्टिच इन टाइम’ म्हणजे गॅरॅकने बशीरला लिहिलेलं शेकडो पानांचं पत्र. त्यात तीन धागे आहेत. एक, त्याचं लहानपण आणि बामारेन नावाच्या कडक निवासी शाळेतलं प्रशिक्षण. दोन, स्थानकावरचे युद्धाचे शेवटचे दिवस. आणि तीन, युद्धानंतरची राजधानी, जिथे हा माणूस पडक्या घराच्या आवारातल्या शेडमध्ये राहतो आणि ढिगारे उपसतो. त्याच दगडविटा तो अंगणात रचत जातो आणि हळूहळू लोक तिथे आपल्या माणसांसाठी रडायला येऊ लागतात.

मला सगळ्यात जास्त लागला तो डॉक्टर पार्माकचा भाग. एके काळी गॅरॅकनेच त्याची चौकशी केलेली. मारहाण नाही, नुसतं रोखून बघत राहून त्याला फोडलेलं. आता तेच दोघं एका वैद्यकीय पथकात एकत्र राबतात. पार्माकला त्याच्या नजरेला नजर देता येत नाही. माफी, क्षमा वगैरे मोठे शब्द पुस्तक फारसे वापरत नाही. आज किती जखमी, उद्या कुठली गल्ली, एवढंच चालू असतं. त्यातूनच दोघांमध्ये काहीतरी पुन्हा उभं राहतं.

आणि बाप. सीरियलमध्ये गॅरॅकचा बाप म्हणजे गुप्तहेर खात्याचा प्रमुख एनाब्रन टेन. मुलाला मुलगा म्हणायला तो मरेपर्यंत तयार नव्हता. १९९७ च्या ‘इन पर्गेटरीज शॅडो’मध्ये तुरुंगात शेवटचे श्वास घेताना तो एक जुनी आठवण सांगतो, तेवढीच काय ती पावती. कादंबरी त्याच्या शेजारी दुसरा माणूस उभा करते. टोलन, साधा माळी, ज्याने गॅरॅकला वाढवलं आणि ऑर्किड जगवायला शिकवलं. एकाने सावज हेरायला शिकवलं, दुसऱ्याने माती हाताळायला. सगळं जळाल्यावर उपयोगी काय पडलं, ते वेगळं सांगायला नको.

खटकलं तेही सांगते

फॅन असले तरी आंधळी नाही. बामारेनचे दिवस जरा लांबलेत. डावपेच, हजेऱ्या, कोण कुणाचा पत्ता कापतोय... मधे मधे मी स्टेशनं मोजत होते. गॅरॅक जिच्यावर आयुष्यभर जीव टाकतो ती पॅलंडीन तर फारच पुसट आहे. ती येते तेव्हा पान सुगंधी होतं, पण तिला स्वतःला काय हवंय ते कळत नाही. गॅरॅक पहिल्या भेटीत बशीरकडे ज्या नजरेने बघतो ती आकर्षणाची नजर होती, असं रॉबिन्सन यांनी मुलाखतींमध्ये मोकळेपणाने सांगितलंय. त्या मानाने इथे बशीरबद्दलचं बरंचसं ओळींच्या मधल्या जागेतच राहतं. अर्थात शेकडो पानं लिहायला बसलेल्या माणसाने ती कुणाला उद्देशून लिहिलीत, यातच काय ते आलं म्हणा!

‘पण ते कॅनन नाहीये!’

आता माझं मुख्य भांडण. हे ज्याच्याशी झालं तो माझा ऑफिसातला मित्र. सीरियल त्यानेच माझ्या गळ्यात मारली होती. दर गुरुवारी कॅन्टीनमध्ये आमचा डबा आणि ‘डीप स्पेस नाइन’ असा बेत असे. मी पुस्तकावर उड्या मारत बोलायला लागले, की त्याचं एकच पालुपद, “पण ते कॅनन नाहीये.” म्हणजे अधिकृत नाही. स्टार ट्रेकमध्ये पडद्यावर घडलं ते खरं, पुस्तकातलं धरायचं नाही. उद्या नव्या सीरियलने उलटं दाखवलं, की पुस्तक खोटं.

त्याचा मुद्दा हवेतला नाही. २०२० मध्ये ‘स्टार ट्रेक : पिकार्ड’ आली आणि कादंबऱ्यांनी वीसेक वर्षं रचलेलं जग तिच्याशी जुळेना. शेवटी २०२१ मध्ये ‘कोडा’ नावाच्या तीन कादंबऱ्या काढून लेखकांनीच त्या जगाचा शेवट केला. इतक्या वर्षांचं वाचन, आणि निकाल काय, तर हे आपल्या विश्वात धरायचं नाही.

पण मी म्हणते, कुणी धरायचं नाही? उलटी उदाहरणंही आहेत. सुलूला ‘हिकारू’ हे नाव दिलं व्होंडा मॅकिन्टायर यांनी, १९८१ च्या ‘द एन्ट्रॉपी इफेक्ट’ या टाय-इन कादंबरीत. दहा वर्षांनी सहाव्या स्टार ट्रेक सिनेमात तेच नाव पडद्यावर आलं. दरवाजा इतकाही बंद नसतो.

आणि आपल्याला तर हे नवीन नाहीच. शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’ १९६७ चं. कर्ण बोलतो, वृषाली बोलते, शोण बोलतो. व्यासांची मंजुरी कुणी मागितली होती का? तरी घराघरातला कर्ण आज बराचसा सावंतांचा आहे. ठाऊक असलेल्या गोष्टीत जो गप्प राहिला त्याला बोलतं करायचं, ही आपली आवडती चाल. तिला आपण साहित्य म्हणतो. मग शिंप्याने काय घोडं मारलंय?

त्याहून गमतीची गोष्ट मला पुस्तक संपल्यावर लक्षात आली. हद्दपारीचं कारण इथे अखेर कळतं. सांगणार नाही, घाबरू नका. पण सांगणारा कोण? ज्याने एका एपिसोडमध्ये तीन कहाण्या सांगितल्या, तोच! मग ही चौथी कशावरून नाही? बाकी कुठल्याही पात्रासाठी ‘हे अधिकृत नाही’ हा डाग असेल. गॅरॅकसाठी मात्र तोच अगदी मापाचा कोट आहे. त्याचं सत्य असायचंच तर अशाच पुस्तकात, जिथे मालकांनी शिक्का मारलेला नाही आणि ठरवायचं आपल्यालाच आहे.

हा युक्तिवाद मी मित्राला जेवताना ऐकवू शकले नाही. तोवर तो टोरांटोला गेला होता. सुरुवातीला कॉल झाले, मग मेसेज, मग नुसते अंगठे. पण आपल्या लंच-पार्टनरला माणूस इतकं लिहितो हे नुकतंच वाचलेलं असताना अंगठा पाठवणं जमेना. मी सरळ मेल लिहिला, चांगला लांबलचक. पार्माक, टोलन, वृषाली, सगळं घातलं. अकरा दिवसांनी उत्तर आलं. त्याने पुस्तक वाचलं होतं. मत बदललेलं नव्हतं. पण पार्माकवर तो दीड पान लिहून बसला होता. न घडलेल्या गोष्टीवर दीड पान! मी समजायचं ते समजले.

तुम्हाला ट्राय करायचंय?

मग थेट पुस्तकावर उडी मारू नका. आधी पाच एपिसोड बघा. गॅरॅकच्या पहिल्या भेटीसाठी ‘पास्ट प्रोलॉग’, तीन कहाण्यांसाठी ‘द वायर’, बापासाठी ‘इन पर्गेटरीज शॅडो’, हा माणूस काय थराला जाऊ शकतो त्यासाठी १९९८ चा ‘इन द पेल मूनलाइट’, आणि सीरियलचा शेवट ‘व्हॉट यू लीव्ह बिहाइंड’. मग एखादा निवांत शनिवार काढून पत्र उघडा. इंग्रजी म्हण माहितीय ना, वेळेवर घातलेला एक टाका पुढचे नऊ वाचवतो? पुस्तकाच्या नावात तो नऊ गाळलाय. कारण नऊ नंबरचं स्थानक मागे राहिलंय, हातात फक्त सुई-दोरा आहे आणि समोर अख्खा फाटका देश.

वाचून झालं की मला एवढंच सांगा, चौथी कहाणी खरी वाटली का? आणि हो, उत्तर अंगठ्याने देऊ नका.