लाटण्याची नाडी

मला साखरेचा आजार जडून नऊ वर्षं झाली. गोळी, पथ्य सगळं अंगवळणी पडलं; पण बोटाला सुई टोचायची म्हटलं की अजून जिवावर येतं. गेल्या पावसाळ्यात तालुक्याच्या बाजारात एक घड्याळ दिसलं. दुकानदार म्हणाला, "काका, सुई नाही, रक्त नाही. मोबाईलला जोडा, साखर, नाडी सगळं दिसतं." बाराशे रुपयांत वैद्य मनगटावर बसत असेल तर कोण सोडील? महिनाभर पारावर मिरवलं!

भुईमूग काढणीला एके दिवशी गोळी घेतली नि न्याहारी न करताच शेतावर गेलो. अकराच्या सुमारास हात थरथरू लागले, दरदरून घाम फुटला. घड्याळात पाहिलं, साखर ११८. म्हटलं, उन्हाचं असेल. पुन्हा वेल उपटू लागलो आणि बांधावर टेकलो तो उठवेचना. सौ.नं धावत येऊन गूळ कालवलेलं पाणी पाजलं. थोरल्यानं घरून यंत्र आणून बोट टोचलं. गूळ पोटात जाऊनही साखर ५४!

रात्री सौ.नं काही न बोलता ते घड्याळ लाटण्याला बांधलं. लाटण्याची नाडी ७६, साखर ११२. "लाटणं ठणठणीत आहे हो," म्हणाली.

डॉक्टरांनी मग उलगडून सांगितलं. घड्याळाच्या पोटातला हिरवा उजेड कातडीवर पडतो, रक्ताच्या लाटेसरशी तो कमीजास्त शोषला जातो, त्यावरून नाडी मोजतात. साखर तशी कळत नाही. कातडीला न टोचता साखर सांगणाऱ्या एकाही घड्याळाला वा अंगठीला मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या औषध खात्यानं फेब्रुवारी २०२४ मध्येच दिला होता. खरा संवेदक दंडाला चिकटवतात. त्याची केसासारखी बारीक तार कातडीखाली राहते नि पेशींभोवतालच्या पाण्यातली साखर मोजते. रक्ताच्या मानानं तो काही मिनिटं मागं असतो, म्हणून अंगाला कापरं भरलं आणि आकडा चांगला दिसला, तर बोट टोचायचंच. किंमत हजारांत, टिकतो चौदा दिवस.

एकदाच लावून घेतला. मी भाकरीला दोष देत होतो. मोबाईलवरची रेघ उसळायची ती पारावरच्या तिसऱ्या गोड चहानं आणि खारीनं! सौ.ला हे कळलं, ते काही बरं झालं नाही.

घड्याळ अजून हातात आहे, वेळ बरोबर दाखवतं. खिशात गुळाचा खडा ठेवतो. मुंगळे लागायला लागले, म्हणून सौ.नं तंबाखूची जुनी डबी घासूनपुसून दिली आहे.