पानाची राखणदारीण

पान तिरकं फाडलं की कडेला तिची झिरझिरीत पट्टी दिसते. रंग नाही, वास नाही. पुस्तकात तिचं नाव अपित्वचा. बहुतेक पानांत ती एकाच पेशीच्या जाडीची असते. वडाच्या पानात मात्र तिचे थरावर थर.

तिच्या बहुतेक पेशींत हरितलवकं नसतात. अन्न आतले हिरवे थर शिजवतात आणि हिला पुरवतात. हिचं काम दारात उभं राहण्याचं, आणि ते फार अवघड आहे. दार लावून घेतलं तर आतली चूल विझेल. उघडं ठेवलं तर उजेडासोबत २८० ते ३१५ नॅनोमीटरचे अतिनील-ब किरण शिरतील आणि डीएनएची शेजारशेजारची अक्षरं एकमेकांना चिकटवून टाकतील. म्हणून ती निवड करते. आपल्या रिक्तिकांमध्ये ती क्वेर्सेटिन, केम्फेरॉल यांसारखी फ्लॅव्होनॉइडं साठवते. ती अतिनील किरण गिळतात आणि पानाला हवा असलेला तांबडा-निळा उजेड आत सोडतात. आपल्या डोळ्यांना यातलं काहीच दिसत नाही. मला तिचं खरं मोठेपण वाटतं ते इथेच.

हा साठा उन्हाच्या माराप्रमाणे वाढतो; एकाच झाडावर उन्हातल्या पानात तो जास्त, सावलीतल्या पानात कमी. मार ओळखतं यूव्हीआर-८ नावाचं प्रथिन. एरवी ते जोडीनं असतं. अतिनील-ब किरण पडले की त्यातली ट्रिप्टोफॅनं ते टिपतात, जोडी फुटते आणि फ्लॅव्होनॉइडं बनवणारी जनुकं जागी होतात. हेच प्रथिन वनस्पतींचा अतिनील-ब ग्राहक आहे, हे २०११ साली सिद्ध झालं.

तरीही काही किरण निसटतात. मग आत फोटोलायेज हे विकर निळ्या उजेडाच्याच बळावर चिकटलेली अक्षरं सोडवतं. माणसाकडे हे विकर नाही.

जळगावकडे केळीची टिश्यू कल्चर रोपं बाटलीतून थेट शेतात नेत नाहीत, ते या अपित्वचेसाठीही. प्रयोगशाळेतल्या दिव्यांखाली वाढलेली ती अजून कच्ची असते. अंगावरचं मेण अपुरं, पर्णरंध्रं धड न मिटणारी, खऱ्या उन्हाची ओळख नाही. रोपं तशीच उन्हात नेली तर पान सुकतं, करपतं. म्हणून आधी पॉलिहाउस, मग शेडनेट असं हार्डनिंग चालतं, आणि तेवढ्या आठवड्यांत ती मेण चढवते, रिक्तिका भरते.