सोंगाड्याचा सब्र

दादा कोंडके हे नाव काढले की आपल्या समाजात कुणी 'तौबा तौबा' म्हणतो, कुणी दार लावून त्यांचे चित्रपट पाहतो आणि पोट धरून हसतो. 'एकटा जीव' हे त्यांचे आत्मकथन मात्र दोघांनीही वाचावे असे आम्हांला वाटते. आम्ही ते वारंगा फाट्यावर, शाळेच्या जाण्या-येण्यात एस.टी.ची वाट पाहत वाचून काढले.

१९३२ साली मुंबईच्या गिरणगावात जन्मलेल्या या माणसाच्या घरातली अनेक जवळची माणसे थोड्याच काळात गेली. त्या घावानंतर त्याने लोकांना हसवण्याची वाट धरली. बँड, सेवादल, 'विच्छा माझी पुरी करा' आणि १९७१ साली 'सोंगाड्या'. पुढे नऊ चित्रपटांचे रौप्यमहोत्सव झाले, गिनीज बुकात नोंद झाली. चार्ली चॅप्लिनची कथाही याच जातीची. आईचे मानसिक आजारपण आणि सातव्या वर्षी नशिबी आलेला लंडनचा गरीबखाना त्याने १९६४ सालच्या आत्मचरित्रात सांगितला आहे.

दादांचे पुस्तक त्यांनी स्वतः लिहिलेले नाही. त्यांनी सांगितले, अनिता पाध्ये यांनी ऐकून शब्दांकन केले. हसणारे लाखो होते, तरी मनातले सांगायला समोर कुणीतरी ऐकणारे बसावे लागले. आम्हांला हीच गोष्ट मोलाची वाटते.

आपल्याकडे मय्यत झाली की मोठी माणसे 'सब्र करो' म्हणतात आणि विषय मिटतो. लहान मुलांना तर कुणी विचारतच नाही. आमच्या वर्गातल्या एका मुलाचे अब्बा हायवेवरच्या अपघातात गेले. चाळिसाव्यानंतर तो शाळेत आला तो नकला करीतच. कंडक्टरची नक्कल, हेडमास्तरांची नक्कल, आमचीसुद्धा! सगळे म्हणाले, "बच्चा संभल गया." बी.एड.ला आम्ही बालमानसशास्त्र शिकलो होतो. पण त्यात हसवणाऱ्या मुलाचा धडा नव्हता. तो आम्हांला या पुस्तकात मिळाला.

मधल्या सुट्टीत आम्ही त्याला जवळ बसवले आणि विचारले, "बेटा, अब्बा कैसे बोलते थे?" त्याने अब्बांचा आवाज काढला. दारातून त्याला हाक मारली. दुसरी हाक अर्ध्यावरच थांबली. मग तो बोलू लागला. जनाजा निघाला तेव्हा त्याला शेजारच्या घरात बसवून ठेवले होते, हे आम्हांला त्या दिवशी कळले.

सब्र म्हणजे मुके होणे नव्हे. हजरत याकूब (अ.) यांनी 'सब्र-ए-जमील' म्हटले आणि यूसुफसाठी रडता रडता त्यांचे डोळेही पांढरे झाले. कुरआनात दोन्ही गोष्टी एकाच सूरहमध्ये आहेत.

प्रत्येक वर्गात, प्रत्येक मोहल्ल्यात एखादा सोंगाड्या असतोच. त्याच्या नकलेवर मनमुराद हसावे. हसून झाले की दोन घटका त्याच्याजवळ बसावे.