सेव्हन सीटर घेताय? आधी नगरला जाऊन या!

नवी सेव्हन सीटर एसयूव्ही घ्यायची म्हणून शोरूमच्या चकरा सुरू आहेत? सनरूफ उघडून पाहिलं, म्युझिक सिस्टीम फुल्ल करून ऐकली, सेल्समनने सोसायटीभोवती एक चक्करही मारून आणली. सगळं एकदम झकास! पण बॉस, ईएमआय सात वर्षांचा आणि टेस्ट ड्राइव्ह सात मिनिटांची. सहाव्या वर्षी ही गाडी कशी वागेल, हे कोण सांगणार? याचं उत्तर शोधायला मी एक वीकएण्ड नगर जिल्ह्यात काढला. २०२४ पासून जिल्ह्याचं अधिकृत नाव अहिल्यानगर. पण टपरीवर रस्ता विचारला, तर अजूनही 'सरळ नगरला जातो' असंच ऐकू येतं.

गाड्या तपासणारं शहर

पुण्याहून शिरूर, सुपामार्गे साधारण १२० किलोमीटर. नगर म्हटलं की आपल्याला भुईकोट किल्ला आणि चांदबिबीचा महाल आठवतो. पण डीआरडीओची 'व्हीआरडीई' ही वाहन संशोधन संस्थाही इथलीच. लष्करी वाहनांचं काम तर इथे चालतंच, शिवाय आपल्या गाड्यांना रस्त्यावर येण्याआधी जे सर्टिफिकेट लागतं, ते देणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी ही एक. मात्र सर्टिफिकेट म्हणजे गाडी नियमात बसते, एवढंच. टिकाऊपणाच्या टेस्टमध्ये कंपन्या खडबडीत ट्रॅकवर गाडी आपटून वर्षांची झीज आठवड्यांत बघतात. पण ऊन, धूळ, कडक होत जाणारं रबर आणि रुसणारे सेन्सर यांचा हिशेब शेवटी वर्षंच मांडतात.

व्हीआरडीईचे ट्रॅक आपल्यासाठी बंद. आपण जायचं ते १९९४ साली सुरू झालेल्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये. तिथली रोल्स-रॉईसची चिलखती गाडी चुकवू नका. 'सिल्व्हर घोस्ट' या उंची कारच्या चासीवर चिलखत चढवून अशा गाड्या पहिल्या महायुद्धात चक्क वाळवंटात पळवल्या गेल्या. रिव्ह्यू असावा तर असा!

शिर्डीचा ड्रायव्हर बोलतो तेव्हा

नगरहून मनमाड रोडने राहुरी, कोल्हार, बाभळेश्वर करत शिर्डीला निघायचं. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगायची तयारी ठेवा. एक काम आवर्जून करा: मधल्या टप्प्यात तिसऱ्या रांगेत बसा. आई-बाबांना तुम्ही तिथेच बसवणार आहात ना?

शिर्डी म्हणजे सेव्हन सीटरचं चालतंबोलतं म्युझियम. एके काळी सुमो आणि क्वालिस, २००५ नंतर इनोव्हा. शनी शिंगणापूर, नाशिक, त्र्यंबकच्या फेऱ्या करणाऱ्या या गाड्या आपण दहा वर्षांत चालवू तेवढं दोन-तीन वर्षांत पळतात. चहाच्या टपरीवर एका ड्रायव्हरकाकांना विचारलं, "काका, चांगली गाडी कशी ओळखायची?" ते म्हणाले, "ताई, किती किलोमीटर पळाली ते सगळेच सांगतात. गॅरेजला किती दिवस उभी राहिली, ते विचारा. गाडी उभी, तर धंदा उभा." सॉलिड! मायलेज, टचस्क्रीन राहू द्या. पार्ट मिळायला किती दिवस लागतात, हा खरा प्रश्न.

पण काकांचा अनुभव जसाच्या तसा उचलू नका. त्यांची डिझेल गाडी हायवेवर सलग पळते. तुमची हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये रोज आठ किलोमीटर रांगणार. २०२० च्या बीएस-६ नियमांनंतर डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर आला. लांब पल्ल्यावर तापून तो आपोआप साफ होतो. छोट्या फेऱ्यांत तुंबतो. म्हणजे शिर्डीत हिट ठरलेली गाडी हिंजवडीत कटकट करू शकते.

नाव जुनं, गाडी नवी?

नव्या मॉडेलला भूतकाळ नसतो, पण त्याच्या पार्ट्सना असतो. सफारीचंच बघा. नाव १९९८ चं, पण २०२१ साली आलेली सफारी पूर्ण वेगळी. तिचं दोन लिटरचं डिझेल इंजिन मात्र २०१९ पासून हॅरिअरमध्ये होतं. त्याचं मूळ फियाटच्या मल्टिजेटमध्ये, आणि ते बनतं रांजणगावला, म्हणजे आपल्या याच पुणे-नगर रोडवर! उलट २०२२ अखेर दाखल झालेली इनोव्हा हायक्रॉस नावाने इनोव्हा, पण आतून वेगळी. आधीच्या क्रिस्टाची लॅडर फ्रेम आणि रिअर व्हील ड्राइव्ह जाऊन मोनोकॉक, फ्रंट व्हील ड्राइव्ह आणि हायब्रिड आलं. क्रिस्टाची पुण्याई तिच्या खात्यावर आपोआप जमा होत नाही. तेव्हा सेल्समनला कलर नंतर विचारा. आधी विचारा, "इंजिन, गिअरबॉक्स कधीपासून आणि कुठल्या गाडीत आहेत? वॉरंटी नेमकी कशाकशावर?"

बुकिंगआधीचा वीकएण्ड

आवडलेल्या मॉडेलची तीन-चार वर्षं वापरलेली गाडी भाड्याने घ्या, सातही सीट भरा आणि संगमनेर, अकोलेमार्गे भंडारदऱ्याला निघा. १,६४६ मीटरचं कळसूबाई समोर ठेवून घाटघरपर्यंत जा. चढावर एसी चालू ठेवा, उतारावर ब्रेकवर लक्ष द्या, आणि म्युझिक बंद करून दारं-डॅशबोर्डची खडखड ऐका. भाड्याचे काही हजार जातील. सात वर्षांच्या ईएमआयपुढे ते काहीच नाहीत.