आढ्याचा दिवस

अनसिंगच्या आमच्या घरावर कवेलू होते. मृगाच्या आधी दरवर्षी ते फेरावे लागत, कारण गावच्या वानरांचे आमच्या छपरावर भारी प्रेम! पण तेवढ्यासाठी घर सोडून जायचे कुठे? आईने तोड काढली होती. एका दिवशी एकच पाखे उघडायचे. त्या खोलीतला संसार शेजारच्या खोलीत. चूल कधी बंद पडली नाही. वाईट तो फक्त आढ्याचा दिवस. आढे दोन्ही पाख्यांचे. त्याला हात लावला की दोन्ही खोल्यांत ऊन. त्या दिवशी आई पहाटेच स्वयंपाक उरकी आणि आम्हां भावंडांना कडुनिंबाखाली बसवी.

हे मला आठवले मुंबईच्या विमानतळावर, आणि तेही भलत्या वेळी. 2019 च्या मार्चमधला मंगळवार. सकाळी धाकट्या भावाचा फोन आला, "दादा, आईचं काही खरं नाही. लगेच निघा." दुपारी पोहोचतो असे सांगून मी धावतपळत विमानतळ गाठला. खिडकीवरची मुलगी म्हणाली, "अकरा ते पाच विमानं नाहीत, काका. धावपट्टीचं काम आहे."

वर्तमानपत्रांत ते छापून आले होते. 7 फेब्रुवारी ते 30 मार्च, मंगळवार, गुरुवार, शनिवार. मध्ये सुटी फक्त 21 मार्चला, धुळवडीची. मी वाचलेही होते. पण आपली आई मंगळवारी आजारी पडेल हे कुठे छापलेले असते?

मी चिडलो. "दोन धावपट्ट्या आहेत ना? एक दुरुस्त करा, दुसरी चालवा!"

शेजारी बसलेले एक वृद्ध गृहस्थ शांतपणे म्हणाले, "अहो, त्या एकमेकींना छेदतात. काम त्या छेदावरच चाललंय."

म्हणजे आढेच की! माझा आवाज खाली आला.

रात्री करावे, तर मुंबईची रात्र परदेशी विमानांची. डिसेंबर 2018 मध्ये याच विमानतळाने एका दिवसात हजारावर विमाने हाताळली होती. तेव्हा उरले दुपारचे सहा तास. तेवढ्यात जुने डांबर खरवडायचे, नवे अंथरून दाबायचे, ते निवू द्यायचे आणि शेवटी खडा न् खडा झाडून काढायचा, कारण विमानाचे इंजिन तो ओढून घेते. पाचला दार उघडायचे ते उघडायचेच. पुढे पुण्याची पाळी आली. तिथे धावपट्टी एकच, म्हणजे एकखणी घर. ऑक्टोबर 2020 पासून रात्री आठ ते सकाळी आठ विमाने बंद ठेवून तिथे काम चालले. तरी अखेर 16 ते 29 ऑक्टोबर 2021 असे चौदा दिवस विमानतळ पुरता मिटावा लागलाच.

ते सहा तास मी कसे काढले ते सांगत नाही. संध्याकाळच्या विमानाने नागपूर, तिथून मोटारीने यवतमाळ, पुसद. घरी पोचलो तेव्हा रात्रीचे तीन वाजले होते.

आई जागी होती. हाताला सलाईन.

"दुपारीच येतो म्हनला होता ना?"

मी सांगितले. ती डोळे मिटून ऐकत होती.

"आढं काढलं असन," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "जेवला काय तू?"