चिकावर पेरलेलं सोनं

टोपण लावून टेबलावर आडव्या ठेवलेल्या माकिए पेनाचं चित्र कधीच पुरतं दिसत नाही. काळ्याभोर पाण्यात एक सोनेरी मासा वळताना दिसतो, पण त्याची शेपटी पलीकडच्या बाजूला गेलेली असते. शेपटी पाहायला पेन बोटांत घेऊन फिरवावं, तर मासा तोंड लपवतो आणि शेवाळाची दोन पाती समोर येतात. ज्या कारागिरानं महिनोन्महिने खपून हे चित्र केलं, त्यालाही ते एका नजरेत दिसलेलं नसतं. भिंतीवरच्या चित्रासमोर माणूस हात मागे बांधून उभा राहतो. या चित्रासाठी हात पुढे करावा लागतो, आणि मला त्याचं सगळं सौंदर्य इथूनच सुरू होतं असं वाटतं.

गोल नळीला डावं-उजवं नसतं, चौकट नसते. त्यातून पेनाचे तुकडे दोन. चित्र टोपणावर आणि नळीवर दोन्हीकडे पसरलेलं असेल, तर टोपण घट्ट बसल्यावर माशाचं अंग माशाला आणि लाटेची रेघ लाटेला मिळायला हवी. अनेक पेनांच्या आट्यांना तोंडं तीन-तीन असतात; त्यांतल्या एकाच तोंडातून टोपण चढवलं तर चित्र जुळतं, नाहीतर लाट मध्येच तुटते. मालकाला ते तोंड हळूहळू हातानंच कळायला लागतं.

जपानी कारागिरांना हा खेळ नवा नव्हता. ओल्या उरुशीवर, म्हणजे एका झाडाच्या चिकाच्या लेपावर, सोन्याची भुकटी पेरून चित्र उठवायची ही माकिएची रीत हजार वर्षांहून जुनी, आणि तिची आवडती जागा म्हणजे लेखनपेटी. शाई उगाळायचा दगड, ब्रश, पाण्याचं इवलंसं भांडं असा लिहिण्याचा सगळा संसार तिच्यात मावायचा. ओगाता कोरिन या चित्रकारानं अठराव्या शतकाच्या आरंभी केलेली एक पेटी टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. आयरिसची फुलं शिंपल्याची, पानं सोन्याची आणि पाण्यावरचा फळ्यांचा पूल शिशाच्या पत्र्याचा. तो पूल झाकणावरून चालत येतो आणि कडेवरून खाली वळतो. पुढे कुठे गेला ते पाहायचं तर पेटीभोवती आपणच फिरायचं. पेनावरच्या चित्राचं बीज मला त्या वळणात दिसतं.

किमोनोला खिसा नसतो. म्हणून पुरुष कमरपट्ट्याला इन्रो नावाची, एकावर एक कप्पे बसवलेली चिमुकली डबी लटकवत. औषधाच्या गोळ्या तिच्यात राहत. या डब्यांवरचं माकिए काम इतकं बारीक, की कप्पे एकमेकांत बसले की त्यांच्यामधली फटही चित्रात विरून जायची. 1868 नंतर जपाननं पाश्चात्त्य पोशाख जवळ केला. 1876 मध्ये सामुराईंना तलवार बाळगायला बंदी झाली. म्यानं गेली, इन्रो गेली, आणि त्यांवर जगणारे हात रिकामे झाले. पण कोटाला खिसा होता, आणि त्या खिशात पुढे पेन आलं. एका पोशाखानं हिरावलेलं काम त्याच पोशाखानं अर्ध्या शतकानंतर थोडं तरी परत केलं, हे मला या इतिहासातलं सगळ्यात समाधानाचं पान वाटतं.

ते परत आलं मात्र शोभेसाठी नव्हे. नामिकी र्‍योसुके हा मूळचा जहाजावरचा इंजिनियर, पुढे नाविक विद्यालयात प्राध्यापक. 1918 मध्ये त्यानं सहकारी वादा मासाओ याच्यासोबत पेनांचा कारखाना काढला. आज आपण त्याला पायलट म्हणून ओळखतो. त्या काळी पेनं एबोनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची असत. एबोनाइट हलकं, हाताला उबदार, कातायला सोपं; पण ऊन आणि ओलावा लागला की त्याचा काळा रंग उडतो आणि ते मळकट तपकिरी दिसू लागतं. नामिकीनं या दुखण्यावर घरचाच उपाय शोधला: उरुशी. पेन लेथवर फिरतं ठेवून त्यावर उरुशी चढवायची पद्धत त्याच्या कारखान्यानं बसवली आणि 1925 च्या सुमारास तिचं पेटंट घेतलं. आधी अंगावर पांघरूण आलं, मग त्या पांघरुणावर नक्षी. कापड ऊब देतं आणि मग आपण त्याच्यावर वेलबुट्टी काढतो, तसाच हा क्रम, आणि तो मला फार प्रामाणिक वाटतो.

नक्षी आली ती कानाझावाच्या मात्सुदा गोनरोकु याच्या हातून. या गावात माकिएची परंपरा सतराव्या शतकापासूनची. तिथल्या माएदा सरदारांनी क्योतोहून कारागीर आणवले होते. मात्सुदा तिथेच 1896 मध्ये जन्मला आणि लहानपणीच भावाच्या हाताखाली काम शिकू लागला. टोकियोच्या कलाशाळेतून बाहेर पडल्यावर काही वर्षांत तो नामिकीच्या कारखान्यात आला. 1930 मध्ये नामिकीचा लंडनच्या डनहिल कंपनीशी करार झाला आणि ही पेनं दोन्ही नावांनी युरोपात विकली जाऊ लागली. पुढच्याच वर्षी मात्सुदाच्या नेतृत्वाखाली कारागिरांचा कोक्कोकाई नावाचा संघ झाला. नामिकीच्या पेनांवर चित्राच्या कडेला सोन्याच्या दोन-चार सूक्ष्म अक्षरांत आजही ते नाव आढळतं. जपाननं 1955 मध्ये पहिल्यांदा ज्या मोजक्या कलावंतांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ मानलं, त्यांत मात्सुदा होता. देवळांच्या दुरुस्तीपासून जहाजांच्या दिवाणखान्यांपर्यंत त्याचा हात फिरला. अशा माणसाला बोटाएवढ्या पेनावर काम करणं कमीपणाचं वाटलं नाही, याचा मला मनापासून आदर वाटतो.

आता त्या चिकाकडे यायला हवं, कारण सोन्याचं कौतुक करताना आपण त्याला विसरतो. आपल्याकडे बांगड्यांना लागते ती लाख वेगळी. ती किड्यांनी फांदीवर केलेली राळ. उष्णतेनं वितळते, गार झाली की घट्ट होते. उरुशी हा झाडाचा चीक, आणि ते झाड आंबा, काजू आणि बिब्बा यांच्याच कुळातलं. ज्याच्या अंगावर कधी बिब्बा उतला आहे, त्याला उरुशीचा स्वभाव वेगळा सांगायला नको. कच्चा चीक कातडीला लागला की खाज सुटते, अंग सुजतं, फोड येतात. नव्या शिकाऊ कारागिराला यातून जावंच लागतं. आपल्या धोब्यांनी पिढ्यान् पिढ्या कपड्यांवर न जाणाऱ्या खुणा केल्या त्या बिब्ब्याच्या रसानं, आणि तिकडे त्याच्या दूरच्या भावंडानं शतकानुशतकं भांड्यांना न उडणारा रंग दिला.

जपानच्या उत्तरेला इवाते प्रांतात जोबोजी नावाचा भाग आहे. देशात निघणारी बहुतेक उरुशी तिथूनच येते. झाड दहा-पंधरा वर्षांचं झालं की जूनमध्ये त्याच्या सालीवर पहिली आडवी चीर पडते. काही दिवस झाडाला विसावा, मग त्या चिरेच्या वर किंचित लांब दुसरी. शरद ऋतूपर्यंत खोडावर आडव्या जखमांच्या रांगा उभ्या राहतात. प्रत्येक चिरेतून थेंब-थेंब चीक पाझरतो आणि पाझरताक्षणीच तो खरवडून घ्यावा लागतो. साऱ्या हंगामाची एका झाडाची कमाई साधारण 200 ग्रॅम. चहाच्या दोन कपांत मावेल एवढी. त्यानंतर झाड तोडतात. बुंध्याशी धुमारे फुटतात आणि त्यांची पुन्हा दहा-पंधरा वर्षं वाट पाहायची. जपानात वापरल्या जाणाऱ्या उरुशीपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक आज चीनमधून येते. पण 2015 मध्ये जपान सरकारनं ठरवलं की राष्ट्रीय ठेवा असलेल्या इमारतींची डागडुजी देशी उरुशीनंच करायची. तेव्हापासून जोबोजीत नव्या लागवडीला जोर आला आहे.

झाडातून येतो तेव्हा हा चीक दुधाळ असतो, हवा लागली की तपकिरी होतो. काळी उरुशी करताना त्यात काजळी कालवत नाहीत. लोहाशी संयोग होऊन चीक स्वतःच काळा होतो, म्हणून त्या काळ्या रंगात रंगाचे कण नसतात. नजर त्यावर अडकत नाही, सरळ आत उतरते. आणि त्याचं वाळणं तर आपल्या सगळ्या अनुभवाच्या उलट. उरुशीतलं पाणी उडून ती कोरडी होते असं नाही. तिच्यातलं एक विकर हवेतल्या ओलाव्याच्या साथीनं प्राणवायू घेतं आणि चिकाचे रेणू एकमेकांत गुंफत जातं. त्यासाठी 20 ते 30 अंश उष्णता आणि 70 ते 80 टक्के आर्द्रता लागते. म्हणून लेप दिलेली पेनं ओलसर लाकडी कपाटात ठेवतात. वैशाखाच्या उन्हात ती चिकटच राहतील, आषाढात वाळतील. एकदा घट्ट झाली की मात्र आम्ल, मद्य, गरम पाणी कशालाच दाद देत नाहीत, आणि अंगावर फोडही उठवत नाहीत.

माकिएच्या सगळ्या प्रकारांत मला वेड लावतो तो तोगिदाशी. आधी पेनावर काळ्या उरुशीचे थरावर थर. रंगवायचा ब्रश माणसाच्या केसांचा. उरुशी कागदातून पुनःपुन्हा गाळलेली, कारण धुळीचा एक कणही पुढे उठून दिसतो. प्रत्येक थर कपाटात वाळायचा, मग पाण्यात भिजवलेल्या कोळशानं घासून सपाट व्हायचा. मग उंदराच्या केसांच्या ब्रशानं उरुशीचीच रेघ काढायची. तो ब्रश इतका बारीक की रेघ श्वासानंही थरथरेल. रेघ ओली आहे तोवर, टोकाला तलम रेशीम ताणून बांधलेल्या बोरूच्या नळीत सोन्याची भुकटी घेऊन बोटानं हलकेच टिचकी मारायची. सोनं रेघेवर उतरतं आणि तिथेच धरून राहतं. कुठे दाट, कुठे विरळ, कुठे नुसता भास: धुकं आणि चांदणं असंच होतं. मग ते सगळं वाळलं, की त्या चित्रावरून काळ्या उरुशीचा थर द्यायचा. सबंध चित्र झाकून टाकायचं.

एवढी मेहनत काळ्याखाली गाडून कारागीर पुन्हा कपाटाचं दार लावतो, आणि ते वाळल्यावर कोळसा घेऊन बसतो. खालचं सोनं डोकं वर काढेपर्यंत घासत घासत वरचं काळं उतरवत जातो. थोडं कमी घासलं तर चित्र आंधळं राहील. दोन फेरे जास्त झाले तर सोनंच निघून जाईल आणि ते परत येणार नाही. नळी गोल, म्हणून कोळसा एका वेळी जेमतेम एका रेषेवर टेकतो. कुठे थांबायचं हे बोटांनाच कळावं लागतं. शेवटी तेल आणि अतिसूक्ष्म पूड घेऊन बोटाच्या पेरानं चकाकी आणायची. पूर्वी ही पूड हरणाच्या शिंगाची असे. त्यानंतर पेनावरून अंगठा फिरवला तर चित्र कुठे सुरू झालं ते कळत नाही. सोनं आणि काळं एकाच पातळीवर, पाण्यात पाणी मिसळावं तसं.

सोन्याचे उंचवटे उठवणारा ताकामाकिए हा प्रकार बाजारात जास्त मिरवतो. खवले पिंजारलेले ड्रॅगन, फिनिक्स, ढग, सगळं एकाच पेनावर. त्यातलं कसब मी नाकारत नाही, पण ते हातात धरून पानभर लिहायचं म्हटलं तर बोटांना विसावा कुठे? माझं मन रिकामी जागा राखणाऱ्या पेनाकडे जातं. काळ्या अंगावर गवताची तीन पाती, एक काजवा, बस्स. किंवा चित्र मुळीच नसलेलं तामेनुरीचं पेन. त्यात खाली लाल उरुशी आणि वर अर्धपारदर्शक तपकिरी थर असतात. जिथे कडा येते, तिथे वरचा थर पातळ होऊन खालचा लाल उजेडासारखा डोकावतो. नाकाया या छोट्या जपानी कारखान्याची अशी पेनं पेनवेड्यांना पाठ असतात. उरुशीचा तपकिरीपणा वर्षागणिक निवळत जातो, त्यामुळे नवं असताना जवळजवळ काळं वाटलेलं पेन दहा वर्षांनी आतून उजळलेलं दिसतं.

असं काम करणाऱ्या हातांची परीक्षाही झाली. 1 जानेवारी 2024 ला जपानच्या नोतो द्वीपकल्पात 7.6 तीव्रतेचा भूकंप झाला. उरुशीकामासाठी साऱ्या जपानात नावाजलेलं वाजिमा गाव त्यात कोसळलं. सकाळच्या बाजाराचा परिसर आगीत जळून गेला, कितीतरी कार्यशाळा मोडल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात तिथे पूर आला. तरीही कारागीर तात्पुरत्या निवाऱ्यांत पुन्हा ब्रश घेऊन बसले. एका थरानंतर दुसऱ्या थराची वाट पाहण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांच्या धीराचं मला नवल वाटत नाही, फक्त त्यांच्याविषयी माया वाटते.

माकिए पेनांची किंमत ऐकून लोक ती पेटीतच ठेवतात. काचेच्या कपाटात, प्रखर दिव्याखाली. उरुशीला सगळ्यात वाईट काय, तर ऊन आणि कोरडी हवा. तेज उन्हात वर्षानुवर्षं राहिली की तिची झळाळी मरते. हवा कोरडी पडू नये म्हणून जाणते दुकानदार अशा कपाटात पाण्याचा पेला ठेवतात. त्यापेक्षा तळहात बरा. त्याला ऊब आहे, घामाचा ओलावा आहे. मोठ्या जपानी पेनांत शाई थेट नळीत भरतात आणि निबाकडे जाणारी वाट मागच्या गाठीनं बंद करता येते. लिहायला बसताना ती गाठ दोन फेरे सैल करायची. मग पत्र लिहावं, हिशेब लिहावा, वाण्याची यादी लिहावी. लिहून झालं की मऊ कापडानं पुसावं. पुष्कळ वर्षांनी बोट टेकतं त्या जागी सोनं झिजेल. झिजू दे, तिथे नवी रेघ काढून सोनं पुन्हा पेरता येतं, आणि ते काम करणारी माणसं अजून आहेत.