उरलं ते

बारावीनंतर मला कृषी पदवीच हवी होती. नंबर लागला परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात, पण सामुदायिक विज्ञानाला. म्हणजे पूर्वीचं गृहविज्ञान. अन्न आणि पोषण हा त्यातला मोठा भाग. नातेवाईक विचारायचे तेव्हा "विद्यापीठात आहे" एवढंच सांगून मी वेळ मारून न्यायची. स्वयंपाक शिकायला सरकारी विद्यापीठ कशाला, असं कुणी म्हणायच्या आधी मीच मनात म्हणून टाकलेलं असायचं. विषय निमित्त होता. कमीपणा मला आईच्या कामाचा वाटत होता.

याच विद्यापीठानं इक्रिसॅट या संशोधन संस्थेच्या साथीनं 2018 मध्ये लोह आणि जस्त जास्त असलेलं 'परभणी शक्ती' हे ज्वारीचं वाण दिलं. ते मला खरं शास्त्र वाटायचं. त्या ज्वारीची भाकरी कुणाच्या ताटात किती पडते, हा प्रश्न कधी पडला नाही.

सुट्टीत घरच्यांच्या चोवीस तासांच्या आहाराची नोंद करायची होती. काय खाल्लं, किती खाल्लं ते ठरावीक मापाच्या वाट्या समोर ठेवून विचारायचं आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांवरून हिशोब काढायचा. वडिलांचं पाच मिनिटांत आटोपलं. आईपाशी अडलं.

"भाजी किती वाट्या?"

"वाटी कशाला? कढईला लागलेली भाकरीनं पुसून घेतली."

"आणि वरण?"

"उरलं होतं थोडं."

"थोडं म्हणजे किती गं?"

ती हसली. "तुझ्या वहीत बसेल तेवढं लिही."

मी पाव वाटी लिहिलं आणि बेरीज मांडली. 100 ग्रॅम ज्वारीत जेमतेम 4 मिलिग्रॅम लोह. आईच्या अख्ख्या दिवसाचं लोह दहाच्या आसपास. त्याच संस्थेच्या 2020 च्या शिफारशीनुसार पुरुषाला रोज 19 मिलिग्रॅम लागतं, पाळी सुरू असलेल्या बाईला 29. हे आकडे मला तोंडपाठ होते. पण वडिलांचं आणि आईचं पान शेजारी ठेवलं तेव्हा कुठे डोक्यात शिरलं: ज्याला कमी लागतं तो आधी जेवतो, जिला जास्त लागतं ती कढई पुसते. वर जेवण झालं की लगेच तिचा चहा, म्हणजे पोटात गेलेलं लोहही नीट अंगी लागणार नाही. तिला जिना चढताना लागणारी धाप मी वयावर ढकलली होती. "तू काय खाल्लंस?" हे मी तिला आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, तेही मार्कांसाठी.

तिचं रक्त तपासून घेतलं. हिमोग्लोबिन साडेआठ निघालं. बारा तरी हवं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आढळला होता. ही ओळ माझ्या वहीत अधोरेखित होती.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. चहा तासभर मागे गेला, पालेभाजीवर लिंबू आलं. विषयाचं नावही मी आता पूर्ण सांगते. जेवायला मात्र आई अजून शेवटीच बसते, आणि सुट्टीत घरी गेले की मी पहिल्या पंगतीला.